गाडीतील ब्रेक ऑइल बदलणे व ब्रेकमधील हवा काढणे

जुन्नर तालुक्यातील टोमॅटो, कांदा व भाजीपाला माळशेज घाटाने कल्याणकडे नेणारा शेतकरी आपल्या पिकअप गाडीच्या इंजिनाची व टायरांची काळजी बहुधा घेतो. इंजिनातील तेल ठराविक किलोमीटरनंतर बदलावे लागते, ही गोष्ट आता खेडोपाडी माहीत झाली आहे. परंतु ब्रेकमधील तेलही जुने होते व तेही मुदतीने बदलावयाचे असते, असे सांगितले म्हणजे पुष्कळांना नवल वाटते. डबीत तेल खुणेपर्यंत आहे, मग बदलावयाचे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर समजल्यावाचून पुढील कृतीचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही.

जीप, पिकअप किंवा छोटा टेंपो यांचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, आतील द्रव बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे रेटला जातो आणि तेथील दट्टे ब्रेकचे लायनर ड्रमवर किंवा चकतीवर दाबून धरतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. त्याच नियमावर ही सारी रचना उभी आहे. मात्र ती चालण्यास एक अट आहे. नळ्यांत केवळ द्रवच असला पाहिजे, हवा वा वाफ मुळीच असता कामा नये. द्रव दाबून लहान होत नाही, हवा होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे सभेत सहज दाखवून द्यावे. जनावरांना औषध टोचण्याची नवी पिचकारी सुईवाचून घ्यावी, पाण्याने भरून तिचे तोंड बोटाने घट्ट बंद करावे व दांडा दाबून पाहावा. तो जागचा हलत नाही. मग तीच पिचकारी रिकामी करून, आत नुसती हवा ठेवून दाबावी. दांडा निम्म्याच्या आत जातो. ब्रेकमध्ये हवा शिरली असता पेडल असेच पायाखाली दबते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही.

आता तेलाविषयी. ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल आहे, आणि या नावानेच बराच घोटाळा केला आहे. खरे पाहता तो ग्लायकॉल जातीचा एक रासायनिक द्रव असून तेलाच्या उलट तो पाण्यात पूर्णपणे मिसळतो. इतकेच नव्हे, तर पावसाळ्यात उघडे मीठ जसे हवेतील ओल ओढून घेते, तसाच हा द्रवही डबीच्या झाकणातून व रबरी नळ्यांतून हळूहळू पाणी पितो. गाडी चालो वा गोठ्याशेजारी उभी राहो, हे पिणे थांबत नाही. कोकणासारख्या दमट प्रदेशात ते अधिक वेगाने होते.

या पाण्याचा परिणाम आकड्यांवरून स्पष्ट होईल. डॉट ३ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. तेच सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर १४० अंशांनाच उकळू शकते. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत. भरलेली गाडी घाट उतरत असता चालकाने पाय ब्रेकवरच ठेवला, तर ड्रम व चकत्या अतिशय तापतात आणि ती उष्णता चाकाजवळील द्रवात उतरते. जुने, पाणी प्यालेले ऑइल तेथे उकळते, त्याची वाफ होते, आणि पेडल एकाएकी तळाला जाते. यातील फसवी गोष्ट अशी, की गाडी कशीबशी थांबवून अर्धा तास उभी केली म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव होतो व ब्रेक पूर्ववत लागू लागतात. चालकास वाटते, काही नव्हतेच; कारागिरासही तपासणीत काही सापडत नाही; आणि तेच ऑइल घेऊन गाडी दुसऱ्या खेपेस निघते. घाटात खालचा गिअर घालून इंजिनाच्या आधाराने उतरणे हा नियम पाळावयाचाच. पण त्यामुळे जुने ऑइल नवे होत नाही.

म्हणून डबीतील पातळी कितीही पुरी असो, दर दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असल्यास त्या मुदतीने, सर्व ऑइल बदलावे. काळपट झालेले ऑइल जुने आहे हे निश्चित. मात्र स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते, यास्तव नुसत्या रंगावर विसंबू नये. पातळी वरचेवर खाली जात असेल, तर लायनर झिजले आहेत किंवा कोठेतरी गळती आहे असे समजावे. केवळ भर घालून दोष झाकू नये.

ऑइलची प्रत डबीच्या झाकणावर लिहिलेली असते. तीच आणावी व सीलबंद डबाच घ्यावा. वर्षापूर्वी फोडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल स्वस्त पडले तरी वापरू नये. डॉट ५ ही सिलिकॉनची प्रत वेगळी आहे; ती डॉट ३ वा डॉट ४ मध्ये मिसळू नये. ब्रेकच्या डबीत इंजिनाचे, गिअरचे किंवा खाण्याचे तेल तर थेंबभरही घालू नये. तसे झाल्यास आतील रबरी वॉशर फुगून ब्रेक अडकतात, आणि मग ऑइल बदलून भागत नाही. रबराचे सर्व भाग नवे घालावे लागतात. ट्रॅक्टरमालकांनी याची उलट बाजू ध्यानात ठेवावी. बहुतेक ट्रॅक्टरांचे तेलातील ब्रेक गिअरपेटीच्या तेलात बुडालेले असतात. त्यांचा येथील वर्णनाशी संबंध नाही व त्यांत ब्रेक ऑइल घालावयाचे नसते.

कामास दोन माणसे लागतात. एक लिटर ऑइल, निपलला नेमका बसणारा रिंग पाना, दोन फूट पारदर्शक नळी, काचेची बाटली, स्वच्छ फडके व जवळ पाण्याची बादली एवढे साहित्य पुरते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना मागेपुढे दगड लावावेत व इंजिन बंद ठेवावे. चाक काढावे लागल्यास नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम घोडी द्यावी. झाकणाभोवतीची धूळ अगोदर पुसून घ्यावी. वाळूचा एक कणही वॉशर कापण्यास पुरेसा होतो. नंतर पिचकारीने डबीतील जुने ऑइल बरेचसे ओढून घ्यावे, तळाची भोके मात्र उघडी पडू देऊ नयेत, आणि नवे ऑइल भरावे.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून आरंभ करावा. आपल्याकडील गाड्यांत चालक उजवीकडे बसत असल्याने हे चाक सामान्यतः मागचे डावे होय; त्यानंतर मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे. पुस्तिकेत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. निपलवर नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. वर बसलेल्याने पेडल सावकाश दाबून "दाबला" म्हणावे. खालच्याने निपल पाव फेरा सैल करावी. ऑइल वाहून थांबू लागताच ती घट्ट करून "सोड" म्हणावे. निपल बंद झाल्याचे कळल्यावाचून वरच्याने पाय उचलला, तर गेलेली हवा नळीतून परत आत शिरते. सारे यश या दोन शब्दांच्या ताळमेळावर अवलंबून आहे. म्हणून मध्येच दुसऱ्या गोष्टी बोलू नयेत. नळीतून बुडबुड्यांवाचून नवे, स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवावे. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर डबी पाहून भर घालावी. ती रिकामी झाली तर हवा आत जाऊन सर्व काम पुन्हा करावे लागते.

जुन्या गाडीत पेडल थेट तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग नेहमी वापरात येत नाही, तेथे गंज असतो व त्यावरून घासल्याने वॉशर फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे उत्तम. गंजलेली निपल जोराने पिळू नये; गंज सोडविणारे तेल बाहेरून लावून काही तास थांबावे, नंतर ते पुसून मगच पाना लावावा. एबीएस असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रात शिरल्यास ती काढण्यास कार्यशाळेतील उपकरण लागते. अशा वेळी गाडी तिकडेच न्यावी.

काम झाल्यावर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते टणक राहिले पाहिजे. लवचिक लागल्यास हवा शिल्लक आहे. हळूहळू खाली जात राहिल्यास गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब झाला आहे. इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली जाते, तो दोष नव्हे. सर्व निपली पुसून ओल येते काय ते पाहावे, आणि रिकामी गाडी प्रथम मोकळ्या जागेत सावकाश चालवून थांबवून पाहावी. चकतीचे ब्रेक असलेल्या मोटारसायकलींना, तसेच परदेशांत शेतांवर वापरल्या जाणाऱ्या हँडलच्या छोट्या चारचाकी गाड्यांना हीच रीत लागू पडते. फरक इतकाच, की त्यांची हँडलवरील डबी फार लहान असल्याने ती झटकन रिकामी होते.

ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून तेथे लगेच पाणी ओतावे. डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे. पोटात गेल्यास ते विषारी आहे. निघालेले ऑइल सरबताच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये, विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये, तर वेगळ्या डब्यात बंद करून नाव लिहावे व तालुक्याच्या कार्यशाळेकडे सोपवावे. ऑइल बदलल्याचा महिना व वर्ष कागदावर लिहून तो बॉनेटच्या आतील बाजूस चिकटवावा.