मोजणारा आरसा

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात माणूस सकाळी उठून मोबाइल हातात घेतो, तो बहुधा कांद्याचा भाव पाहण्यासाठी. गोदावरीकाठचा हा मुलूख कांद्याद्राक्षांचा. भाव पडला की घरेच्या घरे गप्प होतात. पण अलीकडे याच घरांतून आणखी एक भाव पाहिला जातो आणि तो पाहणारी मंडळी असतात पंधरा-सोळा वर्षांची. तो भाव त्यांचा स्वतःचा!

माझी भाची तिथे दहावीत आहे. गेल्या दिवाळीत तिने नवा घागरा घालून गोदावरीच्या पुलावर फोटो काढवून घेतला आणि मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. तासाभरात सत्तेचाळीस 'लाइक' आले. मला वाटले, वा! पण पोरीचे तोंड उतरलेले. वर्गातल्या मैत्रिणीला म्हणे दोनशेवर मिळाले होते. चकली हातातच राहिली आणि रात्री तिने तो फोटो काढून टाकला.

"मामा, मी काळी दिसते ना त्यात?"

मी नाही म्हटले. पण मामाचे मत म्हणजे तिच्या हिशेबी जेमतेम एक लाइक!

नावे ठेवणारी तोंडे पूर्वीही होती आणि ती काही गोड नव्हती. पण रंगावरून टोमणा मारणारी काकूच त्या मुलीच्या रांगोळीचे कौतुक चारचौघांत करी. शिवाय त्याचा आकडा कोणी मांडून ठेवीत नसे. फेसबुकने 'लाइक'चे बटण आणले फेब्रुवारी २००९मध्ये, आणि आरसा मोजू लागला. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत पाहणी २०२१ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने उजेडात आणली. स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे तीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. (काही मुलांना तिथे सोबतही लाभते, हेही खरे.) आणि हे केवळ शहरांचे दुखणे नव्हे. 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासासाठी ५७ टक्के.

भाचीला जे मला पटवता आले नाही, ते मेहुण्यांनी सांगितले. "पोरी, २०२३च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली, भाव कोसळला. कांदा तोच व्हता ना?" फोटो कोणाला दाखवायचा आणि कोणापासून दडवायचा, हे यंत्रच आपल्या हिशेबाने ठरवते, हे तिला ठाऊक होते, पण बापाच्या कांद्याशी त्याचे नाते तिने प्रथमच जोडले असावे. ती हसली नाही, पण जेवली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने निराळी युक्ती काढली: संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, आणि तेही थोरामोठ्यांसकट! मला वडगावचा मार्ग अधिक रुचतो. आपण मोबाइलमध्ये डोके खुपसून पोरांना उपदेश करण्यात काय हशील?

एवढे मात्र आईबापांनी ध्यानात ठेवावे. रुसवा दोन दिवसांत जातो. पण पोर आठवडेच्या आठवडे जेवेना, झोपेना, आरशासमोर जाईना किंवा जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागले, तर वाट पाहू नये. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तो निःशुल्क असून दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.