आकाशातली 80 वॅटची शाळा

1 ऑगस्ट 1975. अमेरिकेच्या नासाकडून वर्षभरासाठी मागून आणलेला एक उपग्रह, आणि राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक या सहा राज्यांतली 2,400 खेडी! उपग्रहावरून टीव्हीद्वारे शिकवण्याच्या ‘साइट’ नावाच्या या प्रयोगाची धुरा कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांकडे होती, आणि मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत बनत. रोज एका खेड्यात जायचं ठरवलं, तर सगळी खेडी पाहायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. धडा मात्र सकाळी शाळेत हजर!

तोही कुठून? अहमदाबादहून 36,000 किलोमीटर वर, तिथून तेवढाच खाली. एकूण 72,000! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा, म्हणजे या झाल्या 375 खेपा. दख्खनच्या राणीनं सव्वातीन तासांना एक खेप अशी, क्षणभरही न थांबता धाव घेतली, तर 51 दिवस लागतील. चित्राला लागला पाव सेकंद!

उपग्रहाच्या अँटेनाची छत्री 30 फूट रुंद, शेतातल्या मोठ्या विहिरीच्या तोंडाएवढी. अशी विहीर अंतराळात उघडली! खाली शाळेजवळ 10 फुटांची छत्री, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची.

आता शिक्षक बघा. 12-12 दिवसांच्या दोन फेऱ्यांत याच उपग्रहाच्या मदतीनं जवळपास 50,000 शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. एकाच प्रशिक्षकानं 50-50 जणांचे वर्ग घेतले असते, तर 1,000 वर्ग, 12,000 दिवस, एकाही रविवारची सुट्टी न घेता जवळजवळ 33 वर्षं! नोकरीला लागलेला माणूस निवृत्तीला आला असता.

मुलांसाठी रोज दीड तास, चार भाषांत वाटून प्रत्येकीला साडेबावीस मिनिटं. एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटतं ना? पण मूल्यमापनात मुलांच्या भाषेत प्रगती दिसली, आणि मला या साऱ्या आकड्यांपेक्षा तीच मोठी वाटते.

शेवटचा हिशोब तर श्वास रोखून वाचा. उपग्रहातून बाहेर पडणारी शक्ती फक्त 80 वॅट, म्हणजे छताच्या एका पंख्याएवढी. दीड तासाची झाली 0.12 युनिट. युनिटला 8 रुपये धरले, तर 96 पैसे. प्रत्येक खेड्यातल्या टीव्हीसमोर 50 मुलं धरा: 1,20,000 मुलं, साडेतीनहून जास्त वानखेडे स्टेडियम भरून! आणि आकाशातून त्यांच्यापर्यंत धडा आला एका रुपयाहून कमी विजेएवढ्या ऊर्जेत!