वर गेलेला माल खाली कसा येतो?

रॉकेट उडताना आपण सगळेच बघतो, टाळ्याही वाजवतो. वर गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. बहुतेक वस्तू वरच राहतात किंवा वातावरणात जळून जातात. अगदी थोड्या वस्तू धडधाकट परत येतात. आज आपण त्या थोड्यांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे, आत माणूस नसलेली, फक्त सामान घेऊन कक्षेतून खाली येणारी कुपी.

आता नाशिकमध्ये बसून याचा विचार का करायचा? तर द्राक्षासाठी! मार्च २०२० मध्ये द्राक्षवेलीच्या ३२० काड्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवल्या गेल्या. मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन या वाणांच्या. गुरुत्वाचा आधार नाही, किरणोत्सर्ग जास्त, अशा ताणात वेलीत काही बदल होतात का, बदलत्या हवामानात टिकणारं काही हाती लागतं का, असा प्रश्न होता. अवकाळी पाऊस, गारपीट, डाउनी आणि भुरी सोसणाऱ्या आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागाइतदाराला या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. काड्या सुमारे १० महिने वर राहिल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये परत आल्या. लावल्यावर त्या जमिनीवरच्या काड्यांपेक्षा लवकर वाढताना दिसल्या. एवढ्यावरून टिकाऊ वाण मिळालं असं म्हणता येत नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. काडी परत आली म्हणून ती मातीत लावता आली. वरून नुसती माहिती पाठवून वेल वाढत नाही.

त्या काड्या ज्या यानातून आल्या, ते होतं कार्गो ड्रॅगन. स्थानकावर सामान नेणारी प्रोग्रेस आणि सिग्नस ही यानंही आहेत. पण ती उतरताना कचरा भरून घेतात आणि वातावरणात जळून जातात. वर पोहोचवणारे अनेक, खाली आणणारे मोजके. असं का?

कारण आहे वेग. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला साधारण ८ किलोमीटर जाते. या वेगाने नाशिकहून मुंबई वीसेक सेकंदांत येईल. जमिनीवर पोहोचेपर्यंत हा वेग जवळजवळ शून्य करायचा आहे. हिशेब मांडून बघू. या वेगाच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ३२ दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते. तेवढ्यात १२ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. कुपी ५५० किलोची असेल तर जवळपास ७,००० लिटरची. उन्हाळ्यात सिन्नर-येवल्याकडे जाणारा पाण्याचा अख्खा टँकर वाफ होऊन जाईल, एवढी ऊर्जा! ती काही मिनिटांत कुठेतरी टाकायची, आणि आतली काडी मात्र भाजता कामा नये.

कसारा घाट उतरताना ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आपल्याला ओळखीचा आहे. वेग मारला की उष्णता होणारच. प्रश्न एवढाच, की ती कोणी घ्यायची? ब्रेकने की हवेने?

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. आपल्याला वाटतं, वेगाने जाणारी वस्तू टोकदार हवी. १९५०च्या दशकात अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं, की परत येणाऱ्या वस्तूचं तोंड बोथट हवं. बोथट तोंडापुढे हवा दाबली जाते आणि तिची एक भिंत तयार होते. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक तापतं ना? तसंच. दाबलेली हवा तापते. ही तापलेली हवा कुपीला चिकटून न राहता थोडी पुढे राहते आणि बरीचशी उष्णता बाजूने मागे वाहून जाते. म्हणजे ब्रेक हवेचा, आणि उष्णतेचा मोठा वाटाही हवेनेच घ्यायचा. उरलेल्यासाठी कवच.

हे सगळं आपल्या देशाने करून दाखवलं आहे. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी७ उडालं. त्यात कार्टोसॅट-२ होता आणि एसआरई-१ नावाची ५५० किलोची कुपी होती. आत दोन प्रयोग होते, त्यांतला एक धातुशास्त्राचा, छोट्या भट्टीचा. कुपीच्या नाकावर कार्बन-फिनॉलिकचं कवच होतं. ते स्वतः हळूहळू जळतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठाचं पाणी पाझरून उडतं आणि माठ गार राहतो, त्याच जातीची युक्ती. बाकी अंगावर सिलिकाच्या फरशा होत्या, उष्णता आत न जाऊ देणाऱ्या.

कुपी १२ दिवस फिरली. २२ जानेवारीला सकाळी ८:४२ वाजता तिला उलटं वळवायला सुरुवात झाली, मग इंजिन चालवलं, सुमारे १० मिनिटं. यात वेग फार कमी करायचा नसतो. कक्षा वाकवून ती वातावरणात घुसेल एवढाच. पण कोन मात्र नेमका लागतो. फार तिरपा झाला तर ताप आणि दाब दोन्ही सोसवत नाहीत. फार उथळ झाला तर कुपी भलतीकडे जाऊन पडते.

९:३७ ला ती १०० किलोमीटर उंचीवर होती, वेग सेकंदाला ८ किलोमीटर. ५ किलोमीटर उंचीवर आली तेव्हा वेग उरला सेकंदाला १०१ मीटर. म्हणजे मूळ ऊर्जेच्या ६,००० भागांतला एक भागही शिल्लक नव्हता! आपण पॅराशूटचं कौतुक करतो, पण तोवर खरं काम हवेने केलेलं असतं. मग छोटी पॅराशूटं, शेवटी मोठं, आणि ९:४६ ला सेकंदाला १२ मीटर वेगाने कुपी बंगालच्या उपसागरात उतरली. श्रीहरिकोटाच्या पूर्वेला सुमारे १४० किलोमीटरवर. तरंगवणाऱ्या साधनांनी ती पाण्यावर राहिली. तटरक्षक दल आणि नौदलाने ती उचलली.

समुद्रच का? चूक झाली तर खाली कोणी नसावं म्हणून. नाहीतर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशातून आकाशात जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा टप्पा असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. वस्तू कक्षेतून खाली येणं हे दोन्ही वेळा झालं. फरक एवढाच, की कुठे पडायचं हे २००७ मध्ये आपण ठरवलं होतं. लाडबोरीत ते कोणीच ठरवलं नव्हतं. सुदैवाने तिथे कोणी जखमी झालं नाही.

म्हणून परवानगीही तंत्राइतकीच महत्त्वाची. अमेरिकेतल्या वार्दा कंपनीने २०२३ मध्ये कक्षेत एचआयव्हीवरच्या रिटोनाविर औषधाचे स्फटिक बनवले. कुपी उतरायला तयार होती, पण उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत महिने गेले. ती युटामध्ये उतरली २१ फेब्रुवारी २०२४ ला. वाट बघणं त्रासाचं होतं, पण खाली राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर अशी विचारपूस हवीच.

आपल्याकडे पुढचं पाऊल पडलं १८ डिसेंबर २०१४ ला. साडेतीन टनांहून जड, माणसासाठी आखलेली पण रिकामी कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून अंदमानजवळ समुद्रात उतरवली गेली. ती कक्षेत गेली नव्हती, तरी कवच आणि मोठी पॅराशूटं तपासली गेली. आधी रिकामी, मग माणूस. हा क्रम सोडून चालत नाही.

आणि शेवटचं. वर न्यायला आपल्याकडे रॉकेटं आहेत. पण उद्या आपल्या एखाद्या संशोधकाने थॉमसनच्या काड्या वर पाठवायच्या ठरवल्या, तर त्या परत कोणाच्या यानातून, कोणाच्या वेळापत्रकाने आणायच्या? खरड छाटणी काही कोणाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. स्वतःची परतीची कुपी नेमाने चालू असणं, याचा अर्थ हा आहे. २००७ मध्ये ते एकदा जमलं. एकदा जमणं आणि दर हंगामाला जमणं यांत बराच फरक आहे, हे शेतकऱ्याला तरी कोणी सांगायला नको.

आता आपण प्रश्नांकडे वळू.