प्रक्षेपणाच्या कसोटीला उतरणारी फाइल

गुढीपाडव्याला ठाण्यातील नौपाडा परिसरातून जाणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचे मोबाइलवरील चित्रण संगणकावर सुरळीत दिसत असले, तरी तीच फाइल दूरचित्रवाणी वाहिनीचा प्लेआउट सर्व्हर, म्हणजे ठरल्या वेळी कार्यक्रम प्रक्षेपणात सोडणारे यंत्र, नाकारू शकतो. संगणकाला एखादी फ्रेम उशिरा दाखवण्याची किंवा गाळण्याची मुभा असते. भारतीय प्रक्षेपणात मात्र सेकंदाला २५ फ्रेमचा दर ठरलेला असल्याने सर्व्हरला दर ४० मिलिसेकंदांनी एक फ्रेम द्यावीच लागते आणि म्हणून तो ठरावीक घडणीच्याच फाइली स्वीकारतो.

या घडणीत दोन बाबी वेगळ्या ओळखाव्या लागतात. चित्र व ध्वनी आकुंचित करण्याची पद्धत म्हणजे कोडेक, तर ते दोन्ही टाइमकोडसह एकत्र बांधणारे वेष्टन म्हणजे कंटेनर. फाइलच्या नावापुढील अक्षरे बदलल्याने यांपैकी काहीच बदलत नाही. प्रक्षेपणात रुळलेल्या एका प्रकारात वेष्टन एमएक्सएफ, कोडेक एमपेग-२ आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाची माहिती, ५० मेगाबिट असते. रंगांची नोंद ४:२:२ पद्धतीने, म्हणजे आडव्या ओळीतील दर दोन बिंदूंमागे एकदा होते. मोबाइलच्या नेहमीच्या ४:२:० पद्धतीत ती चार बिंदूंच्या चौकटीमागे एकदाच होते आणि तेव्हा न नोंदलेला रंग नंतरच्या रूपांतराने परत मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न गतीचा असतो. मोबाइल बहुधा सेकंदाला सुमारे ३० फ्रेम टिपतो आणि त्याचा वेगही प्रकाशानुसार कमीजास्त होऊ शकतो. त्यातून २५ फ्रेम करताना काही नुसत्या गाळल्या, तर लेझीमच्या हालचालीत झटके दिसतात, आणि शेजारच्या फ्रेम मिसळल्या, तर हातांच्या दुहेरी छाया उमटतात. शिवाय इंटरलेस्ड प्रक्षेपणात प्रत्येक फ्रेमच्या सम व विषम ओळी दोन फील्डमध्ये विभागलेल्या असतात. त्यांचा क्रम उलटला, तर सरकणारे चित्र थरथरते. ध्वनीचा नमुनादर सामान्यतः ४८ किलोहर्ट्झ लागतो, तर आवाजाची सरासरी पातळी वाहिनीच्या नियमाप्रमाणे राखावी लागते.

म्हणून चित्रीकरणापूर्वीच वाहिनीचे तांत्रिक निकषपत्रक मागवावे, कॅमेरा शक्य तेथे २५ किंवा ५० फ्रेमच्या स्थिर दरावर ठेवावा आणि तयार फाइल देण्याआधी तपासणी-सॉफ्टवेअरमधून काढून अखेरपर्यंत पाहावी.