स्ट्रॉबेरीची नाळ कधी कापायची?

बी पेरून रोप येतं, पण फळ आईसारखं येईलच असं नाही. म्हणून महाबळेश्वरचे शेतकरीही रनरचीच रोपं लावतात. आईरोप उन्हाळ्यात सावलीत जगवलं, की पावसाळ्यात त्यातून दोरीसारखे रनर निघतात आणि पेऱ्यावर पिल्लू धरतं. ते शेजारच्या कुंडीत मातीवर टेकवा, तारेच्या आकड्यानं दाबा. पहिल्या वर्षी मी आठवड्यातच नाळ कापली. एकही पिल्लू जगलं नाही! तीन-चार आठवडे थांबा. हलकेच ओढून बघा, मुळं धरली असतील तर रोप हलत नाही. मग कापा. आईच रोगट असेल तर मात्र हा खटाटोप नको, रोग पिल्लात उतरतो. आणि लावताना मधला कोंब मातीवर ठेवा. गाडला तर कुजतो.