थंडीचे सुख घरात सर्वांना मिळो



मार्गशीर्ष-पौष म्हणजे आपल्या ज्वारीच्या पट्ट्यातले सुखाचे दिवस. खरिपाचा माल घरात आलेला असतो. शाळूच्या कणसात दाणा भरू लागतो, हरभऱ्याला घाटे धरतात, मळ्यात गाजर, वांगी, पावटा यांची रेलचेल असते. पण गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी नजरेस पडते. या सुखाची वाटणी घरात सारखी होत नाही. शेकोटीभोवती गडीमाणसे बसतात आणि पहाटे गार पाण्यात हात घालणारी घरधनीण, रात्री दारे धरणारा पोरगा त्या उबेपासून दूरच राहतात. यंदा ही वाटणी सुधारू या.

हुरडा सर्वांनी खावा

दाण्यातला चीक घट्ट होऊ लागला, पण दाणा अजून हिरवा व मऊ आहे, तेव्हा कणसे काढावीत. उशीर झाला की दाणा टणक होतो. सुरती, गूळभेंडी या जुन्या जाती किंवा राहुरी विद्यापीठाची फुले मधुर हुरड्याला चांगली. पुढच्या पेरणीला घरापुरती दोन-चार तासे यांपैकी एखाद्या जातीची जरूर टाका. गोवऱ्यांची आगटी करून ज्वाळ बसल्यावर कणसे निखाऱ्यात खुपसावीत आणि गरम असतानाच हातावर चोळावीत. सोबत शेंगदाण्याची, जवसाची चटणी, गूळ आणि ताक. मात्र भाजण्या-चोळण्याचे काम गड्यांनी करावे व बायकांनी बसून खावे!

लातूर, धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सारे गाव शेतात लोटते. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, खीर, असा थाट असतो. पण त्या भज्जीच्या शेंगा आदल्या रात्री कोण सोलते? त्या रात्री घरातल्या सर्वांनीच सोलायला बसावे. गप्पा होतात, काम लवकर उरकते आणि घरातल्या बाईलाही चार तास झोप मिळते.

उबेची सोय आणि एक धोका

गोधड्या, वाकळा आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाका. न्हाणीच्या चुलीवर पाणी तापते, त्यातले बादलीभर भांडी घासायला राखून ठेवा. टाचांना भेगा पडल्या असतील तर रात्री पाय धुऊन, कोरडे करून कोकमाचे तेल पातळ करून भेगांत भरावे.

आता महत्त्वाचे. निखाऱ्याची शेगडी दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो. बाळंतिणीच्या खोलीत आणि म्हाताऱ्या माणसांपाशी ही काळजी विशेष घ्या. शेक झाला, की शेगडी बाहेर काढा. शेकतानाही दार उघडे असू द्या.

रात्रीचे पाणी

विजेची पाळी रात्रीची आली, तर पोराला एकटे धाडू नका, जोडीने जा. कानटोपी, बॅटरी, गमबूट आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर असावा. ओल्या हाताने, ओल्या पायाने मोटारीच्या पेटीला हात लावू नका. बांधावर शेकोटी पेटवलीत, तर कडब्याच्या गंजीपासून लांब पेटवा व घरी निघताना पाणी टाकून विझवा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येईल. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, वर लोण्याचा गोळा. भाकरी तव्यावरून उतरली की गरम असतानाच खावी, हे आपण सारे जाणतो. त्या दिवशी पहिली भाकरी थापणारणीच्या ताटात वाढा आणि तिचे जेवण होईपर्यंत तव्यापाशी दुसऱ्या कुणीतरी बसा.