एक ओळ खाली, प्लीज!

ऑनलाइन फॉर्म भरताना स्क्रीनवर टपकन एक चौकोन उगवतो. आत अक्षरांचा नुसता गठ्ठा. आपण काय करतो? न वाचताच ‘ओके’! आता यात चूक कुणाची, वाचणाऱ्याची की मेसेज लिहिणाऱ्याची? बीसीए, कॉम्प्युटर सायन्स आणि आयटीवाल्यांनो, प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी याचा जरा विचार कराच.

समजा, अॅडमिशनच्या फॉर्मवर असा पॉप-अप आला : ‘तुमची माहिती सेव्ह झाली आहे परंतु फी भरलेली नसल्याने अर्ज सबमिट झालेला नाही तरी पेमेंट पूर्ण करावे.’ घाईत नजरेत भरतं ते फक्त ‘माहिती सेव्ह झाली आहे’. पोरगा लॅपटॉप मिटून झोपायला मोकळा आणि अर्ज तसाच अर्धवट! आता हाच मेसेज असा वाचा :

अर्ज अजून सबमिट झालेला नाही.
फी भरणं बाकी आहे.

माहिती सेव्ह केली आहे. पेमेंट पूर्ण करा.

माहिती तीच. फक्त कामाची गोष्ट वर आली आणि ओळी सुट्या झाल्या.

मग कोडमध्ये हे करायचं कसं? जावास्क्रिप्टच्या अलर्टमध्ये बरेच जण आधी बीआर टॅग टाकून बघतात. वेबपेजवर चालतो, म्हणजे इथेही चालणार! पण नाही चालत. अलर्टमधला मजकूर ब्राउझर साधा टेक्स्ट म्हणूनच दाखवतो, एचटीएमएल म्हणून नाही. त्यामुळे टॅग जसाच्या तसा झळकतो आणि तोही नेमका व्हायवाच्या दिवशी! इथे लागतो बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून स्मॉल एन. ओळ जिथे मोडायची, तिथे कोट्सच्या आतच ही जोडी लिहायची. मध्ये रिकामी ओळ हवी असेल, तर जोडी दोनदा. जावा आणि पायथनच्या मेसेज बॉक्समध्येही हीच जोडी चालते.

पीएचपीतून अलर्ट पाठवणाऱ्यांनी मात्र सांभाळून. डबल कोट्समधल्या या जोडीची पीएचपी आधीच खरीखुरी नवी ओळ करून टाकतं. जावास्क्रिप्टच्या साध्या कोट्सना मधेच मोडलेली ओळ चालत नाही. मग एरर येतो आणि पॉप-अप दिसतच नाही. अशा वेळी बॅकस्लॅश दोनदा द्यायचा.

एक्सेलच्या व्हीबीएमध्ये बॅकस्लॅशचा उपयोग नाही. तिथे मजकुराचे दोन तुकडे करून मध्ये अँडच्या चिन्हाने ‘व्हीबीसीआरएलएफ’ जोडायचं. ओळीच्या शेवटी अंडरस्कोअर दिला की कोड पुढच्या ओळीवर जातो, मेसेज नाही. इथे हमखास गोंधळ होतो.

या सीआरएलएफमागची गोष्ट भारी आहे. आईबाबांपैकी कुणी टायपिंग क्लासला गेलं असेल, तर विचारून बघा. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग हाताने दांडी ढकलायची. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, म्हणजे सीआर आणि एलएफ, ती हीच दोन कामं! आस्की कोडमध्ये त्यांचे नंबर १३ आणि १०. विंडोजच्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ संपवायला आजही दोन्ही वापरतात, तर लिनक्स आणि आताचा मॅक एकट्या १० वर भागवतात.

शेवटचं, पण महत्त्वाचं. आपल्या लॅपटॉपवर बॉक्स देखणा दिसावा म्हणून वाक्य मधेच तोडू नका. मोबाइलच्या अरुंद स्क्रीनवर ओळ आपोआपही मोडते. मग तुमची एक आणि फोनची एक, अशी दोनदा मोडून वाक्याचे तुकडे पडतात. एक मुद्दा संपला की एक ओळ, एवढं पुरे.

आणि टेस्टिंगला सॉफ्टवेअर कशाला? रूममेटच्या हातात फोन द्या, दोन सेकंदांत काढून घ्या आणि विचारा, ‘काय लिहिलं होतं रे?’ त्याला सांगता आलं, तर तुमचा पॉप-अप पास!